शांततेच्या काळातले वीरमरण

वर्षातून दोन वेळा, प्रजासत्ताकदिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, शौर्यपदकांची यादी प्रसिद्ध होते. त्या यादीत काही नावांपुढे 'मरणोत्तर' असा एकच शब्द छापलेला असतो. ज्या गावचे ते नाव असते त्या गावाला या शब्दाचा अर्थ सरकारने सांगावा लागत नाही. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी त्याने पाहिलेली असते, बंदुकांची सलामी ऐकलेली असते, आणि त्या सलामीनंतर घरात उरलेली शांतताही अनुभवलेली असते. बाकीच्यांच्या दृष्टीने ती सकाळच्या चहाबरोबर वाचावयाची एक बातमी असते. चौकात दोन दिवस फलक लागतो, पुढाऱ्यांची छायाचित्रे वीराच्या छायाचित्राहून मोठी होतात, आणि तिसऱ्या दिवशी त्याच खांबावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक चढतो.

शेवगाव आणि पाथर्डी तालुक्यांतील रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात सैन्यभरतीची तयारी करीत धावणारी मुले आपण सारेच पाहतो. गोदावरीकाठचा आणि जायकवाडीच्या फुगवट्यालगतचा पट्टा सोडला तर या भागातील शेती पावसाच्या भरवशावर चालते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलाला लष्कराचा गणवेश हा मानाचा मार्ग वाटतो आणि पोटाचाही. नगर शहरात चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र आहे. सैनिक हा या जिल्ह्याला परका माणूस नाही. म्हणूनच पदकांच्या यादीतील त्या 'मरणोत्तर' शब्दाने देशावर, शासनावर आणि आपणांवर नेमके कोणते ऋण चढते, या प्रश्नाला आम्ही आज पहिल्या पानावर जागा देत आहो.

उदाहरण महाराष्ट्रातलेच घेऊ. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे साताऱ्याच्या सैनिकी शाळेचे विद्यार्थी. १९९८ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले आणि २१ पॅरा या विशेष दलात दाखल झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच एका पलटणीतून ही तुकडी घडली आहे. ईशान्य भारतातील बंडखोरांविरुद्धच्या 'ऑपरेशन ऱ्हायनो' या मोहिमेतील कामगिरीबद्दल त्यांना २००३ मध्ये सेना पदक मिळाले. पुढे काश्मीरमधील कुपवाडा जिल्ह्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. नियंत्रण रेषेजवळच्या हाजीनाका जंगलात दडलेल्या अतिरेक्यांचा शोध काही दिवस चालू होता. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी त्या शोधमोहिमेत आपल्या जवानांच्या पुढे असताना ते जबर जखमी झाले आणि त्याच दिवशी त्यांना मृत्यू आला. त्यांचे वय तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते. पुढच्या प्रजासत्ताकदिनी, २०१६ मध्ये, त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले. या घटनेला दहा वर्षे उलटली आहेत. दहा वर्षांत शोकाचा आवेग ओसरतो, आणि शोकाच्या भरात जे प्रश्न विचारणे अनुचित वाटते ते विचारण्यास मोकळीक मिळते.

पहिला प्रश्न पदकासंबंधीच आहे. परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली. ती शत्रूच्या सन्मुख दाखविलेल्या पराक्रमासाठी दिली जातात. अशोकचक्राची मालिका ४ जानेवारी १९५२ रोजी सुरू झाली. आरंभी तिच्यात अशोकचक्र वर्ग १, वर्ग २ व वर्ग ३ अशी वर्गवारी होती. १९६७ मध्ये त्यांना अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र ही नावे मिळाली. ही पदके शत्रूच्या सन्मुख नसताना गाजविलेल्या शौर्यासाठी, म्हणजे रूढ भाषेत शांततेच्या काळातील शौर्यासाठी आहेत, आणि ती सैनिकाप्रमाणेच नागरिकालाही मिळू शकतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कसाबला जिवंत पकडताना गोळ्या अंगावर घेणारे साताऱ्याच्याच केडंबे गावचे पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळे यांना २००९ मध्ये मरणोत्तर मिळालेले अशोकचक्र याच मालिकेतले सर्वोच्च पदक होय.

हाजीनाक्याच्या जंगलात गोळी लागून मेलेल्या माणसाला 'शांततेच्या काळातील' पदक द्यावे, हे वरवर पाहता विपरीत दिसते. त्याच्या घरच्यांना तर ते शब्द टोचणारच. एवढेच नव्हे, तर निवृत्तिवेतनाच्या नियमांत हेच सरकार अशा मृत्यूला रणातील मृत्यू मानते आणि सैनिकाच्या विधवेस त्याच्या अखेरच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन देते. २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सरकारने असेही सांगितले की, 'शहीद' हा शब्द लष्कराच्या वा पोलिसांच्या अधिकृत परिभाषेत नाही. म्हणजे एका कागदावर शांतता, दुसऱ्या कागदावर रण, आणि लोकांच्या तोंडी जो शब्द आहे तो कोणत्याच कागदावर नाही!

तथापि हा केवळ कारकुनी घोळ आहे असे समजून पुढे जाणे योग्य होणार नाही. या विसंगतीच्या मुळाशी एक मोठे तत्त्व आहे, आणि ते आम्हांस मोलाचे वाटते. सीमेपलीकडून आलेला घुसखोर हा शत्रू असेल; पण ज्या गावात, ज्या जंगलाच्या वाटेवर, ज्या घराच्या उंबऱ्याशी सैनिक त्याला गाठतो, ते गाव, ती वाट आणि तो उंबरा भारताचा आहे. तेथील माणूस भारताचा नागरिक आहे. आपल्याच नागरिकांच्या वस्तीत शासन युद्ध पुकारू शकत नाही. बंडखोरीशी लढतानाही आपण युद्ध करीत नसून कायद्याचे राज्य पुनःस्थापित करीत आहो, ही भूमिका प्रजासत्ताकाने पहिल्यापासून घेतली, आणि पदकांची ही विभागणी त्या भूमिकेशी सुसंगतच आहे. सैनिकाला या भूमिकेची किंमत मोजावी लागते. रणांगणावर समोर दिसेल त्याच्यावर गोळी झाडता येते. येथे गोळी झाडण्यापूर्वी समोरचा कोण आहे याची खात्री करून घ्यावी लागते, आणि खात्री करून घेण्याच्या त्या क्षणात स्वतःचा जीव जाऊ शकतो.

याच २०१५ सालच्या जानेवारीत, २७ तारखेस, काश्मीरमधील त्राल येथे ४२ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख कर्नल एम. एन. राय असेच मारले गेले. युद्धसेवा पदक जाहीर होऊन त्यांना अवघा एक दिवस झाला होता. वेढलेल्या घरातील अतिरेक्यांचे आप्त पुढे येऊन 'ते शरण येतील' अशी विनवणी करू लागले, म्हणून गोळीबार थांबविण्यात आला आणि त्या थांबलेल्या क्षणाचा फायदा घेऊन आतल्यांनी हल्ला केला, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. एकाच वर्षात दोन तुकड्यांचे प्रमुख अधिकारी आघाडीवर पडावेत यावरून या कामाचे स्वरूप कळते. हे काम कर्नलच्या हुद्द्याच्या माणसालाही दूरच्या नकाशावर बोट ठेवून करता येत नाही. त्याला जवानांबरोबर चालावे लागते, गावकऱ्यांशी बोलावे लागते, आणि कोणत्या दारावर थाप मारावयाची व कोणत्या दारावर मारावयाची नाही हे स्वतः ठरवावे लागते.

राष्ट्रीय रायफल्स हे दल १९९० मध्ये याच कामासाठी उभारण्यात आले. लष्कराने जम्मू-काश्मीरमध्ये १९९८ पासून 'सद्भावना' या नावाने शाळा, दवाखाने, पाणी अशी लोकोपयोगी कामेही चालविली आहेत. कर्नल महाडिकांनी कुपवाड्यात स्थानिक तरुणांशी जिव्हाळ्याचे संबंध जोडले होते, त्यांना खेळांकडे व रोजगाराकडे वळविण्याचा प्रयत्न केला होता, आणि त्यांच्या मृत्यूने तेथील रहिवासीही हळहळले, अशा वार्ता त्या वेळी आल्या होत्या. सेना पदक आणि शौर्यचक्र यांच्या जोडीने त्यांच्या नावावर जमा असलेली ही तिसरी कमाई होय. तिच्यासाठी कोणतेही पदक नाही. पण बंडखोरीविरुद्धचा लढा ज्या भांडवलावर अखेर जिंकला जातो ते हेच भांडवल, आणि ते जमवावयास वर्षे लागतात व उधळावयास एक रात्र पुरते.

हे भांडवल कसे उधळले जाते याचे उदाहरण दुर्दैवाने त्याच कुपवाडा जिल्ह्यात आहे. महाडिकांच्या मृत्यूपूर्वी पाच वर्षे, एप्रिल २०१० मध्ये, बारामुल्ला जिल्ह्यातील नादीहाल गावच्या तीन तरुणांना कामाचे आमिष दाखवून माछिल क्षेत्रात नेण्यात आले आणि नियंत्रण रेषेजवळ त्यांना ठार करून घुसखोर म्हणून दाखविण्यात आले, असा आरोप झाला. या कृत्यामागे बक्षिसाचा लोभ असल्याचेही आरोपात म्हटले होते. त्या उन्हाळ्यात काश्मीर खोऱ्यात जो उद्रेक झाला त्याच्या कारणांत हे प्रकरण अग्रभागी होते. त्या उद्रेकात शंभरावर माणसे मेली. लष्करी न्यायालयाने २०१४ मध्ये अधिकाऱ्यांसह जवानांना दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली. २०१७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने ती शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला.

वीराच्या गौरवाविषयी लिहिताना हा विषय काढणे काही वाचकांस रुचणार नाही. सैन्याच्या मनोधैर्यावर याने आघात होतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची भावना आम्ही समजू शकतो. जो माणूस बर्फात आणि अंधारात उभा राहून आपल्या झोपेची राखण करतो, त्याच्या कृत्याचा हिशेब उबदार खोलीत बसलेल्यांनी मागावा हे खरोखर अन्यायाचे वाटते. परंतु या आक्षेपाचा विचार शेवटपर्यंत करून पाहावा. बनावट चकमकीत मारलेल्या निरपराध्याबद्दल मिळविलेले बक्षीस आणि हाजीनाक्याच्या जंगलात प्राण देऊन मिळालेले शौर्यचक्र ही दोन्ही आपण डोळे मिटून एकाच ताटात ठेवली, तर अपमान कोणाचा होतो? खोटे नाणे बाजारात चालू दिले की अगोदर खऱ्या नाण्याचे मोल घसरते. समोरच्याची खात्री करून घेण्यासाठी ज्याने स्वतःचा जीव धोक्यात घातला, त्याच्या त्या संयमाला, खात्री न करता गोळी झाडणाऱ्याला माफी देणाऱ्या देशात किंमत उरत नाही. म्हणून खोट्या चकमकींची चौकशी आणि दोष्यांना शिक्षा ही मागणी सैन्याच्या शत्रूंची आहे असे आम्ही मानीत नाही. महाडिकांसारख्यांच्या नावाची ज्यांना चाड आहे त्यांनीच ती सर्वांआधी केली पाहिजे.

आमचे सर्वोच्च न्यायालयही याच दिशेने बोललेले आहे. सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा १९५८ चा कायदा त्याने १९९७ मध्ये वैध ठरविला. पण त्याच निकालात, काय करावे आणि काय करू नये याविषयीच्या लष्कराच्या स्वतःच्या सूचना बंधनकारक असल्याचेही सांगितले. २०१६ मध्ये मणिपूरमधील १,५२८ कथित बनावट चकमकींच्या याचिकेवर निर्णय देताना न्यायालय म्हणाले की, अशांत म्हणून घोषित झालेल्या प्रदेशातही बेसुमार बळाचा वापर क्षम्य नाही आणि अशा आरोपांची चौकशी झालीच पाहिजे. हे दोन निकाल एकत्र वाचले असता जे सूत्र हाती लागते ते साधे आहे. सैनिकाला अधिकार हवेत, कारण त्याच्याविना तो लढू शकत नाही. आणि त्या अधिकारांना मर्यादा हव्यात, कारण त्यांच्याविना तो ज्यासाठी लढतो तेच शिल्लक राहत नाही. तुकाराम ओंबळे यांनी कसाबला जिवंत पकडून दिले म्हणूनच त्याच्यावर खटला चालला, पुरावा जगापुढे आला, आणि २०१२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात कायद्याने त्याला फाशी दिले. एका पोलिसाच्या हौतात्म्याने न्यायालयाला साक्ष मिळवून दिली, असा प्रसंग जगाच्या इतिहासात विरळाच.

काश्मीर दूर आहे, मणिपूर त्याहून दूर आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाकडे पाहावे. गडचिरोलीच्या जंगलात माओवाद्यांशी लढण्यासाठी १९९० मध्ये सी-६० हे विशेष पोलीस दल उभे राहिले. त्यात स्थानिक तरुणांना घेण्यात आले, कारण त्या जंगलाची वाट आणि त्या लोकांची बोली त्यांना ठाऊक होती. या लढ्यात गडचिरोलीने फार मोठी किंमत दिली. १ मे २०१९ रोजी, सारा महाराष्ट्र आपला राज्यदिन साजरा करीत असताना, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. आणि २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात त्याच जिल्ह्यात माओवाद्यांच्या सर्वोच्च वर्तुळातील भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने आपल्या सुमारे ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. ज्या हातांनी बंदुका चालविल्या त्यांचे स्वागत शासनाने केले, हे पाहून मृत पोलिसांच्या घरी काय वाटले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. तरीही आमचे मत असे आहे की, त्या शरणागतीत जांभुळखेड्याच्या मृतांचा वाटा आहे. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी जंगलातील वाट रोखून धरली नसती तर बंदूक टाकण्याचा विचार कोणास सुचला नसता. आणि शासनाने केवळ बंदूकच पुढे केली असती, रस्ता, शाळा व परतीचे दार दाखविले नसते, तर ती टाकावयास कोणी आले नसते. सैनिक आणि पोलीस वेळ मिळवून देतात. त्या वेळाचे काय करावयाचे, हे राज्यकर्त्यांनी ठरवावयाचे असते. मिळालेली वर्षे राज्यकर्त्यांनी वाया घालविली, तर पुढच्या यादीत आणखी काही नावांपुढे तोच 'मरणोत्तर' शब्द येतो. ऋणाचा हा पहिला भाग होय, आणि तो दिल्लीने व मुंबईने फेडावयाचा आहे.

दुसरा भाग मागे राहिलेल्यांचा. पोगरवाडीच्या अंत्यविधीनंतर श्रीमती स्वाती महाडिक यांनी स्वतः सैन्यात जाण्याचा निश्चय प्रकट केला, तेव्हा पुष्कळांना तो शोकाच्या भरातील उद्गार वाटला असेल. त्या दोन मुलांची आई होत्या आणि वयाची मर्यादा त्यांनी ओलांडली होती. सरकारने त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल केली; निवडीच्या कसोट्या मात्र त्यांनी इतरांप्रमाणेच पार केल्या. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतील खडतर शिक्षण पुरे करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. या कथेचे कौतुक महाराष्ट्राने मनापासून केले, आणि ते योग्यच होते. परंतु असामान्य स्त्रीचे कौतुक करून सामान्य स्त्रीच्या प्रश्नातून सुटका करून घेण्याची आपल्या समाजाला सवय आहे. प्रत्येक वीरपत्नी सैन्यात अधिकारी होणार नाही. तिला तलाठ्याच्या कार्यालयात वारसनोंद करून घ्यावयाची असते, बँकेत खाते बदलावयाचे असते, मुलांना शाळेत घालावयाचे असते, आणि सासर व माहेर यांच्यामध्ये आपले स्थान शोधावयाचे असते.

कायद्याची दृष्टी तिच्याकडे किती उशिरा वळते याचे एक उदाहरण सांगितल्याविना राहवत नाही. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता पदकविजेत्याच्या पश्चात त्याच्या विधवेस मिळतो. पण तिने पुनर्विवाह केला तर तो बंद होत असे. अपवाद एकच, तो म्हणजे तिने मृत पतीच्या भावाशीच लग्न केल्यास! ज्या महाराष्ट्राने विधवेच्या पुनर्विवाहासाठी एकोणिसाव्या शतकात झगडा केला, त्या महाराष्ट्राच्या शूर पुत्रांच्या स्त्रियांनाही ही अट २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत लागू होती. त्या महिन्यात संरक्षण मंत्रालयाने ती काढून टाकली. त्याच वर्षी भत्त्यांची रक्कमही दुप्पट झाली. शौर्यचक्राचा मासिक भत्ता ३,००० वरून ६,००० रुपये आणि कीर्तिचक्राचा ४,५०० वरून ९,००० रुपये झाला. पदकाचे मोल पैशात मोजू नये हे खरे. पण सरकार जेव्हा स्वतःच पैशाचा आकडा लिहिते, तेव्हा तो आकडा वाचून लाज वाटू नये एवढी अपेक्षा रास्त आहे.

विधवेचा हक्क सांगताना वृद्ध आईबापांचा विसर पडता कामा नये. २०२४ मध्ये एका मरणोत्तर कीर्तिचक्राच्या निमित्ताने पत्नी आणि आईवडील यांच्यातील मतभेद जाहीरपणे चव्हाट्यावर आले आणि वारसासंबंधीचे नियम बदलावेत अशी मागणी झाली. त्या कुटुंबाच्या खासगी दुःखात शिरण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण ज्या देशात म्हाताऱ्या आईबापांचा आधार बहुधा मुलगाच असतो, तेथे सून आणि सासू-सासरे यांना एकाच रकमेसाठी एकमेकांसमोर उभे करणारी व्यवस्था सदोष आहे, एवढे कोणीही मान्य करील. सुनेच्या हक्कातून कापून सासूला देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दोघींनाही स्वतंत्रपणे पुरेल अशी तरतूद करण्यास हा देश असमर्थ आहे, असे मानावयास आम्ही तयार नाही.

आणि आता यात अग्निवीरांच्या प्रश्नाची भर पडली आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार तरुण चार वर्षांसाठी सैन्यात घेतला जातो आणि त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत जवान पुढे कायम केले जातात. अग्निवीर कर्तव्यावर मरण पावल्यास ४८ लाख रुपयांचा विमा आणि ४४ लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य यांची तरतूद करण्यात आली. मात्र नियमित सैनिकाच्या कुटुंबास मिळणारे निवृत्तिवेतन योजनेच्या मूळ अटींत नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचेनच्या हिमप्रदेशात कर्तव्य बजावताना मरण पावलेला पहिला अग्निवीर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला होता. एकरकमी पैसा लहान नाही, हे आम्ही जाणतो. पण खेड्यातल्या घरात आलेली मोठी रक्कम किती हातांनी आणि किती दिवसांत वाटली जाते हेही आम्ही जाणतो. दरमहा येणारे निवृत्तिवेतन हीच विधवेची आणि म्हाताऱ्या आईची खरी ढाल असते. एकाच खंदकात उभ्या असलेल्या दोन जवानांना एकाच गोळीने मृत्यू यावा आणि त्यांच्या मागच्या दोन घरांना दोन निराळे न्याय मिळावेत, ही गोष्ट कोणत्याही हिशेबाने समर्थनीय ठरत नाही. शेवगावच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या मुलाच्या आईबापांना हा प्रश्न आपल्या खासदारांस विचारण्याचा पुरता अधिकार आहे, आणि तो त्यांनी विचारावा.

ऋणाचा तिसरा भाग मात्र दिल्लीला किंवा मुंबईला पाठवून चालणार नाही. तो तालुक्याचा आणि गावाचा आहे. जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे पदसिद्ध प्रमुख असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यांच्या देखरेखीखाली चालते. दर वर्षी ७ डिसेंबर या ध्वजदिनाच्या निमित्ताने, १९४९ पासून चालत आलेल्या प्रथेप्रमाणे, निधी गोळा होतो. निधीसंकलनाचे उद्दिष्ट पुरे झाले म्हणून कार्यालयांचे सत्कार होतात तेही ठीक आहे. आमची सूचना याहून साधी आहे. सैनिकाच्या मृत्यूनंतर वारसनोंदीसाठी त्याच्या विधवेने तालुक्याच्या कचेरीत यावे ही रीत बंद व्हावी, आणि कचेरीने तिच्या घरी जावे. महिन्याभरात सातबारा, वारसाचे कागद, निवृत्तिवेतनाचे अर्ज, मुलांच्या सवलती ही सारी कामे एका जबाबदार अधिकाऱ्याने तिच्या ओसरीवर बसून पुरी करावीत. त्याला नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. तहसीलदाराच्या एका आदेशाने हे होऊ शकते.

गावानेही स्मरणाची रीत बदलावी. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. तो पराक्रम परक्या राज्यासाठी होता, तरी त्या गावाने सैनिकी परंपरा पिढ्यानपिढ्या जपली, इतकी की 'अपशिंगे मिलिटरी' हेच त्याचे नाव पडले. फलक उन्हापावसात फाटतो. परंपरा टिकते, कारण ती रोजच्या व्यवहारात उतरलेली असते. आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील पडलेल्या सैनिकांची व पोलिसांची नावे, त्यांच्या मृत्यूचे स्थळ आणि साल यांसह, शाळेच्या भिंतीवर दगडात कोरून ठेवावीत. त्या ठिकाणी कोणत्याही पुढाऱ्याचे नाव नसावे, उद्घाटकाचेही नसावे. शिक्षकांनी मुलांना ती नावे वाचून दाखविताना त्या माणसांनी किती जणांना मारले एवढेच सांगू नये. कोणाला वाचविताना ते मेले, आणि हाती बंदूक असूनही त्यांनी ती कोठे आवरली, हेही सांगावे.

कर्नल महाडिकांना मिळालेल्या पदकाच्या नावापुढे 'शांततेच्या काळातील' असे शब्द असावेत याचे वैषम्य आम्हांस आता वाटत नाही. तेथे अजून नसलेली शांतता त्या शब्दांनी गृहीत धरलेली आहे, आणि ती एक दिवस यावी म्हणून ते हाजीनाक्याच्या जंगलात गेले होते. ती आणण्याचे उरलेले काम शासनाचे आहे, त्यांच्या मागे राहिलेल्यांना सन्मानाने जगू देण्याचे काम समाजाचे आहे, आणि ही दोन्ही कामे होत आहेत की नाही हे पदकांची पुढची यादी येण्यापूर्वीच विचारण्याचे काम तुमचे-आमचे आहे.